कांद्याच्या पापुद्र्यापासून हृदयापर्यंत: पेशी, ऊती, अवयव आणि संस्था स्वतः पाहण्याची पद्धत

पेशी, ऊती, अवयव, अवयवसंस्था आणि मग अख्खा सजीव, ही यादी आठवी-नववीतलं कुठलंही मूल घडाघडा म्हणून दाखवतं. पण रक्त ही ऊती की अवयव, असं विचारलं की गाडी अडते. हाडाचंही तेच. यादी पाठ असते, पायऱ्या पाहिलेल्या नसतात. म्हणून इथे एकेक पायरी हातात घेऊन, कापून, रंगवून पाहायची पद्धत दिली आहे. दीड-दीड तासाच्या चार बैठका पुरतात. प्रत्येक बैठकीच्या शेवटी वहीत एकाच प्रश्नाचं उत्तर लिहायचं: खालच्या पायरीला जे जमत नव्हतं, ते या पायरीला काय जमलं?

साहित्य

शाळेतला साधा सूक्ष्मदर्शक पुरे: नेत्रिका (डोळ्याजवळचं भिंग) १० पटीची, वस्तुभिंगं (स्लाइडजवळची भिंगं) १० पटीचं आणि ४० किंवा ४५ पटीचं. तो नसेल तर फोल्डस्कोप घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठात मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक वस्तू साधारण १४० पट मोठी दाखवतो. कांद्याची पेशी आणि पानावरची रंध्रं त्यात छान दिसतात. स्नायूवरच्या आडव्या पट्ट्यांसाठी मात्र तो अपुरा पडतो.

याशिवाय लागेल: दहा-बारा स्लाइड, कव्हरस्लिपची (स्लाइडवर झाकायच्या पातळ काचांची) एक डबी, ड्रॉपर, चिमटा, दोन सुया (पेन्सिलीच्या टोकाला खोचलेल्या चालतील), नवं ब्लेड, टीपकागद, पारदर्शक मोजपट्टी आणि तीन रंगद्रव्यं.

आयोडीनचं द्रावण घरी करायचं तर २ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी थोड्या पाण्यात विरघळवा, त्यात १ ग्रॅम आयोडीन घाला, पूर्ण विरघळलं की ३०० मिली पाणी करा. हा क्रम उलटा केला तर आयोडीन तळाशी बसून राहतं, कारण नुसत्या पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन कोऱ्या चहाच्या रंगाइतकं पातळ करूनही काम भागतं, रंग थोडा फिका चढतो एवढंच. मिथिलिन ब्लू ०.१ ग्रॅम आणि पाणी १०० मिली. सॅफ्रॅनिन १ ग्रॅम आणि पाणी १०० मिली. मिथिलिन ब्लूचा डाग कपड्यावरून जात नाही, त्यामुळे जुना सदरा घालून बसा.

आधी मोजमाप

हे काम बहुतेक जण टाळतात आणि मग पेशी "खूप लहान" असते, याच्या पुढे जात नाहीत. पाच मिनिटांचं काम आहे. पारदर्शक मोजपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, १० पटीचं वस्तुभिंग लावा आणि दिसणाऱ्या गोलाची रुंदी किती मिलिमीटर आहे ते पाहा. समजा, ती १.६ मिमी आली. मग ४० पटीच्या भिंगाखाली गोल याच्या एक चतुर्थांश, म्हणजे ०.४ मिमी. हे दोन आकडे सूक्ष्मदर्शकाच्या पायावर चिकटवून टाका. आता गोलाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कांद्याच्या पाच पेशी लांबीत बसल्या, तर एक पेशी ०.३२ मिमी. साधारण तीन पेशी एकापुढे एक ठेवल्या की एक मिलिमीटर भरतो. हा आकडा स्वतः काढलेला असला की पेशी ही पुस्तकातली आकृती राहत नाही.

पहिली पायरी: पेशी

कांद्याचा एक जाड, रसाळ पदर काढा. तो आतल्या, म्हणजे खोलगट बाजूकडून मोडा. मोडलेल्या कडेला ओल्या प्लास्टिकसारखा पापुद्रा लोंबताना दिसेल. तो चिमट्याने हळू ओढून थेट बशीतल्या पाण्यात सोडा. हवेत धरून ठेवलात तर दोन मिनिटांत सुकतो आणि गुंडाळी होते. पाण्यातच ५ मिमी बाय ५ मिमीचा तुकडा कापा.

१. स्लाइडवर पाण्याचा एक थेंब ठेवा आणि त्यात तुकडा पसरवा. घडी पडली तर सुईने उलगडा.
२. आयोडीनचा एक थेंब टाका. एक ते दोन मिनिटं थांबा.
३. कव्हरस्लिपची एक कड थेंबाला टेकवून ती तिरकी धरा आणि सुईच्या आधाराने सावकाश खाली सोडा. सरळ वरून ठेवली की हवा अडकते.
४. बाजूला आलेलं पाणी टीपकागदाने टिपा.
५. आधी १० पटीच्या भिंगाखाली स्पष्ट करा. मोठं भिंग फिरवल्यानंतर फक्त बारीक स्क्रू वापरायचा. जाड स्क्रू फिरवला की भिंग स्लाइडवर आपटतं. काच फुटते आणि भिंगावर चरा पडतो.

दिसेल ते विटांच्या भिंतीसारखं: लांबट पेशी, त्यांच्या जाड कडा म्हणजे पेशीभित्तिका आणि प्रत्येकीत पिवळसर तपकिरी ठिपका म्हणजे केंद्रक. तो ठिपका बहुधा मध्यभागी नसतो, एका कडेला सरकलेला असतो, कारण पेशीचा बहुतेक भाग पाण्याने भरलेल्या मोठ्या रिक्तिकेने व्यापलेला असतो. नवखे इथे ठरलेल्या तीन चुका करतात. काळी जाड कड असलेलं गोल गरगरीत काही दिसलं की ते केंद्रक समजतात. तो हवेचा बुडबुडा असतो. पेशी एकमेकींवर चढलेल्या दिसल्या की पापुद्रा दुहेरी आहे हे ओळखत नाहीत. तिसरी चूक प्रकाशाची: झगझगीत उजेडात पेशी पुसट होतात. स्लाइडखालची, उजेड कमी-जास्त करणारी झडप थोडी बंद करा, कडा लगेच उठून दिसतील.

हरितलवकं, म्हणजे पानांतले हिरवे कण, शोधत बसू नका. हा कांद्याचा जमिनीखालचा, अन्न साठवणारा भाग आहे. तिथे ती नसतात. आणि तंतुकणिका किंवा रायबोसोम हे पेशीतले अतिसूक्ष्म घटक या आकृतीत काढू नका. साध्या सूक्ष्मदर्शकाला ०.२ मायक्रोमीटरच्या (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचं वेगळं दाखवता येत नाही आणि रायबोसोम तर त्याच्या दहाव्या हिश्शाइतका. पुस्तकातल्या त्या सुंदर आकृत्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या जोरावर काढलेल्या आहेत. प्रयोगवहीत पाहिलं तेवढंच काढावं, याबाबत तडजोड करू नये.

आता याच बैठकीतला सगळ्यात देखणा भाग. नाशिककडचा लाल कांदा घ्या आणि पदराच्या बाहेरच्या, जांभळ्या बाजूचा पापुद्रा काढा. अलिबागचा पांढरा कांदा इथे उपयोगाचा नाही, कारण आपल्याला तो जांभळा रंगच हवा आहे. तो रिक्तिकेत असतो. रंगद्रव्य न घालता फक्त पाण्यात स्लाइड करा. प्रत्येक पेशी काठोकाठ जांभळी दिसेल. मग १० ग्रॅम मीठ आणि १०० मिली पाणी या द्रावणाचा एक थेंब कव्हरस्लिपच्या एका कडेला ठेवा आणि दुसऱ्या कडेला टीपकागद लावा. मिठाचं पाणी आत ओढलं जाईल. दोन ते पाच मिनिटांत जांभळा भाग भिंतीपासून सुटून आक्रसू लागतो आणि पेशीभित्तिका जागच्या जागी राहते. त्या आक्रसलेल्या गोळ्याची कड म्हणजे प्रद्रव्यपटल. एरवी ते भिंतीला चिकटून असतं, म्हणून दिसतच नाही. आता त्याच पद्धतीने साधं पाणी ओढा; बऱ्याच पेशी पुन्हा फुगतील. पेशी जिवंत आहे, पाणी आत-बाहेर जाऊ देते आणि मीठ सहजी आत येऊ देत नाही, हे एका थेंबात समोर येतं. फार वेळ मिठात ठेवल्या तर पेशी मरतात आणि परत फुगत नाहीत.

प्राण्याची पेशी पाहण्यासाठी गालाच्या आतला थर. चूळ भरा, आइस्क्रीमच्या स्वच्छ काडीने गालाच्या आतून हलकेच दोन-तीनदा फिरवा. रक्त येईल इतकं खरवडायचं नाही. ०.९ ग्रॅम मीठ आणि १०० मिली पाणी या द्रावणाच्या थेंबात काडी घोळवा. साध्या पाण्यात पेशी फुगतात. मिथिलिन ब्लूचा एक थेंब, दोन मिनिटं, कव्हरस्लिप. पेशी साधारण ५० ते ६० मायक्रोमीटर रुंद, कडा वेड्यावाकड्या, दुमडलेल्या, मध्ये गडद निळं केंद्रक. विटांसारखी शिस्त नाही, कारण पेशीभित्तिका नाही. पेशीवर विखुरलेले निळे बारीक ठिपके दिसले तर ते तोंडातले जीवाणू. सगळं एकसारखं गडद निळं झालं असेल तर रंग जास्त झाला. टीपकागदाने पाणी ओढून धुऊन घ्या.

पेशी हे नाव देणाऱ्या रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिली ती मेलेल्या पेशींची रिकामी घरं होती. तुम्ही मिठाच्या पाण्यात आक्रसताना पाहिलेली लाल कांद्याची पेशी जिवंत होती.

दुसरी पायरी: ऊती

ऊत म्हणजे विणलेलं. नाव नेमकं आहे: सारख्या उगमाच्या पेशी एकत्र येऊन एक काम करतात, तेव्हा ऊती होते. कांद्याचा पापुद्रा पाहताना तुम्ही खरं तर ऊतीच पाहत होता, एका थराची आवरण ऊती. तीच स्लाइड पुन्हा पाहा आणि या वेळी एकेक पेशी न पाहता त्यांच्यामधल्या फटी शोधा. फटी नाहीत. एकट्या पेशीला पाणी अडवणारा पडदा होता येत नाही, चादरीला येतं.

ऊतीत सगळ्याच पेशी हुबेहूब सारख्या असतात असं मात्र धरून चालू नका. बागेत, सोसायटीच्या कुंपणाशी लावलेल्या रिओच्या पानाची खालची जांभळी बाजू घ्या. पान तिरकं फाडलं की कडेला पारदर्शक पापुद्रा सुटतो. पाण्याच्या थेंबात ठेवून पाहिलं की जांभळ्या पेशींच्या फरशीत मधूनमधून हिरव्या घेवड्यासारख्या दोन-दोन पेशी दिसतात. त्या रक्षक पेशी, मधली फट म्हणजे पर्णरंध्र. शेजारच्या पेशी जांभळ्या आणि रक्षक पेशी हिरव्या, म्हणून रंग घालायची गरजच नाही. आता मिठाच्या पाण्याचा तोच प्रयोग करा: रक्षक पेशींतलं पाणी गेलं की फट मिटते.

वहन करणाऱ्या ऊतीसाठी पावसाळ्यात तेरडा मिळाला तर त्यासारखं काही नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस असेल, पण त्याचं अर्धपारदर्शक खोड विद्यार्थ्याला आयुष्यभर पुरेल इतकं दाखवतं. ताजं रोप मुळासकट उपटा, धुवा आणि खोड पाण्याखाली धरून तिरकं कापा. हवेत कापलं तर जलवाहिन्यांत बुडबुडे अडकतात आणि रंग चढत नाही; प्रयोग फसण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. १०० मिली पाण्यात सॅफ्रॅनिनचे किंवा लाल शाईचे दहा-पंधरा थेंब टाका आणि रोप उजेडात, हलक्या वाऱ्यात ठेवा. एक-दोन तासांत खोडात लाल उभ्या रेघा वर सरकलेल्या दिसतात. इतर ऋतूंत पांढरी शेवंती रात्रभर ठेवा.

मग खोडाचा आडवा काप घ्यायचा. कौशल्य लागतं ते इथेच. गाजराचा बोटभर तुकडा उभा चिरा, चिरेत खोड धरा, म्हणजे ते दबत नाही. ब्लेड ओलं करा आणि एकाच दिशेने, स्वतःकडे, एका ओढीत चालवा. करवतीसारखं मागेपुढे नाही. ब्लेडची एक धार चिकटपट्टीने झाकलेली असावी. वीस-तीस काप पाण्याच्या बशीत पाडा आणि त्यातला सगळ्यात पातळ, जवळजवळ दिसेनासा होणारा काप उचला. पूर्ण गोल काप मिळायचा हट्ट नको. पाव गोल पण पातळ असलेला काप पूर्ण गोल पण जाड कापापेक्षा कितीतरी बरा. सॅफ्रॅनिनमध्ये तीन ते पाच मिनिटं ठेवा, पाण्यात दोनदा खळबळून घ्या, अर्धं ग्लिसरीन आणि अर्धं पाणी यात स्लाइड करा. जलवाहिनीच्या भित्ती लाकडी झालेल्या असल्याने लाल रंग धरून ठेवतात. त्यांचे पुंजके परिघाजवळ कड्यासारखे मांडलेले दिसतील. मक्याच्या खोडात हेच पुंजके सगळीकडे विखुरलेले असतात.

प्राण्यांत चार मुख्य ऊती: अभिस्तर (आवरण घालणारी), संयोजी (जोडणारी, आधार देणारी), स्नायू आणि चेता (मज्जातंतूंची). अभिस्तर तुम्ही गालात पाहिली. स्नायूसाठी कोंबडीच्या छातीच्या मांसाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा पाच मिनिटं उकळा. मिथिलिन ब्लूच्या थेंबात दोन सुयांनी पिंजा, केसासारखे तंतू सुटेपर्यंत. न पिंजता स्लाइड केली तर नुसता निळा ढिगारा दिसेल. ४० पटीचं भिंग, झडप बरीच बंद: तंतूवर बारीक आडव्या पट्ट्या दिसतात. एक तंतू म्हणजे एक पेशी, काही सेंटिमीटरपर्यंत लांब असू शकणारी आणि अनेक केंद्रकं असलेली. पेशी म्हणजे गोल चेंडूसारखं काही, हा समज इथे मोडतो.

रक्तासाठी बोट टोचायचं कारण नाही. तयार स्लाइड घ्या. माणसाची तांबडी रक्तपेशी ७ ते ८ मायक्रोमीटर, चकतीसारखी, केंद्रक नसलेली. कोंबडीची लंबगोल आणि केंद्रक असलेली. रक्त ही संयोजी ऊती आहे. पेशी आहेत, पण त्या एकमेकींना चिकटलेल्या नसून प्रवाही द्रवात तरंगतात. हाडही संयोजी ऊतीचंच, फक्त तिथे पेशींभोवती द्रवाऐवजी टणक आधार असतो.

तिसरी पायरी: अवयव

अवयव ओळखण्याची खूण एकच: त्यात एकापेक्षा जास्त प्रकारच्या ऊती हव्यात आणि त्या मिळून एक काम व्हावं. कोंबडीचा पंख यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका. दुकानदाराला अख्खा पंख कातड्यासकट, सांध्यावर न तोडता द्यायला सांगा. ट्रे, टोकदार लहान कात्री, हातमोजे. कापताना कात्रीचं टोक वर उचललेलं ठेवा, नाहीतर कातड्याबरोबर खालचा स्नायूही चिरला जातो.

खांद्याच्या बाजूने कोपरापर्यंत कातडं उभं कापा आणि सावकाश सोलत जा. कातडं आणि मांस यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा ओलसर पडदा ताणला जाईल. ती विरल संयोजी ऊती. पिवळे गोळे म्हणजे मेदाची ऊती. स्नायू बोटांनी किंवा बोथट पेन्सिलीने एकमेकांपासून वेगळे करा. कात्री लागत नाही, प्रत्येक स्नायू आपल्या पातळ पिशवीत असतो. आता वरच्या भागातला पुढचा स्नायू चिमट्याने धरून खांद्याकडे ओढा: कोपर मिटतो. मागचा ओढा: उघडतो. स्नायू फक्त ओढू शकतो, ढकलू शकत नाही, म्हणून तो जोडीने लागतो.

स्नायूच्या टोकाशी पांढरी, चकचकीत, न तुटणारी दोरी आहे ती स्नायूरज्जू. स्नायू आणि हाड यांना बांधते. हाड आणि हाड यांना बांधतो तो अस्थिबंध. या दोघांची अदलाबदल परीक्षेत इतकी होते की दोन्ही एकाच पंखात बोटाने चाचपून घ्यावेत. स्नायूंच्या मधून जाणारा पांढरा मऊ धागा चेतेचा, तांबूस नळी रक्तवाहिनीची. शेवटी सांधा उघडा. हाडाच्या टोकावरचा निळसर पांढरा, घसरडा थर म्हणजे कास्थी. नखाने दाबला तर किंचित दबतो. पुढच्या भागातलं हाड मोडून आतली लाल मज्जा पाहा. खांद्याजवळचं हाड त्यासाठी घेऊ नका. पक्ष्यांत ते हवेसाठी पोकळ होत जातं आणि मज्जा मिळेलच असं नाही.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर आता हातात आहे. हाडाचा टणक भाग ही अस्थी ऊती. पण कास्थी, मज्जा, रक्तवाहिन्या, चेता आणि वरचा पातळ पडदा धरून जे अख्खं हाड, तो अवयव. याची आणखी फोड करायची तर साफ केलेलं बारीक हाड व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. चार ते सात दिवसांत हाड रबरासारखं वाकतं: क्षार गेले, प्रथिनांचे तंतू उरले.

हृदय पाहायचं तर मटणाच्या दुकानात शब्द जपून वापरा. "काळीज" मागितलंत तर यकृत पुढ्यात येईल. हृदयाला तिथे "दिल" म्हणतात. वरच्या नळ्या दोन-तीन बोटं शिल्लक ठेवून, मधे चीर न देता द्यायला सांगा, कारण रक्त काढून टाकण्यासाठी खाटीक बहुधा आधीच चिरतो. कापण्याआधी दोन्ही बाजू दाबून पाहा: डावी घट्ट, उजवी लुसलुशीत. मग सर्वांत जाड भिंतीच्या नळीत, म्हणजे महाधमनीत, पाणी ओता. झडपा शाबूत असतील तर पाणी नळीत साचून राहतं. आता टोकापासून उभा काप घ्या. डाव्या जवनिकेची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत उजवीपेक्षा साधारण तिप्पट जाड भरते. उजवी बाजू रक्त शेजारच्या फुफ्फुसापर्यंत पोचवते, डावीला सगळं शरीर गाठायचं असतं. झडपांना खालून धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या दोऱ्या सुईने उचलून बघा. त्या नसत्या तर दाबाने झडप उलटी फिरली असती.

मांस हाताळायचं नसेल तर जास्वंद घ्या. पाच निदलं, पाच पाकळ्या, मधल्या नळीवर असंख्य पुंकेसर, टोकाला पाच कुक्षी. खालचा अंडाशय आडवा कापला की पाच कप्पे. फूल अवयव म्हणून पंखाइतकंच खरं आहे, आणि पानही.

चौथी पायरी: संस्था

संस्था कापून दिसत नाही. तिचं काम मोजावं लागतं.

पाच मिनिटं शांत बसा. मनगटावर पहिली दोन बोटं ठेवून ३० सेकंद नाडी मोजा, दुप्पट करा. अंगठा वापरू नका. त्याची स्वतःची नाडी लागते आणि हिशेब चुकतो. श्वास एक मिनिट दुसऱ्या कुणीतरी मोजावेत, कारण आपण मोजायला लागलो की श्वासाची लय बदलते. मग ३० उठाबशा किंवा तीन मजले चढणं, आणि लगेच १५ सेकंद नाडी मोजून चौपट. "लगेच" याला महत्त्व आहे. एक मिनिट गेलं तर निम्मा फरक निघून जातो. पुढे दर मिनिटाला मोजत राहा, मूळ आकडा येईपर्यंत. हृदयविकार, दमा किंवा ताप असलेल्याने फक्त आकडे लिहून घ्यावेत.

आता आकड्यांच्या मागे जा. विश्रांतीत मिनिटाला ७२ ठोके आणि ठोक्याला सुमारे ७० मिली रक्त, म्हणजे मिनिटाला ५ लिटर. जवळपास शरीरातलं सगळं रक्त. उठाबशा काढल्या स्नायूंनी आणि हाडांनी, पण नाडी वाढली रक्ताभिसरण संस्थेची, श्वास वाढले श्वसनसंस्थेचे, हुकूम गेला चेतासंस्थेचा, आणि घाम आला त्वचेला. दिवसभरात वृक्कांतून, म्हणजे मूत्रपिंडांतून, सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातलं जेमतेम दीड लिटर मूत्र होतं. हृदयाने दाब दिला नाही तर ती गाळणीही बंद. संस्थांचे तक्ते वेगवेगळ्या रंगांत छापलेले असतात, शरीरात मात्र त्यांच्यात अशा भिंती नसतात. स्वादुपिंड पाचकरसही तयार करतं आणि इन्सुलिनही, म्हणून ते पचनसंस्थेतही येतं आणि अंतःस्रावी (रक्तात संप्रेरकं सोडणाऱ्या) संस्थेतही. विद्यार्थ्याने दोन्हीकडे लिहिलं तर ते बरोबरच आहे.

सगळे सजीव सगळ्या पायऱ्या चढत नाहीत

डबक्यातल्या पाण्याचा थेंब पाहा. पॅरामेशियम एकाच पेशीत खातं, पाणी बाहेर टाकतं, पोहतं. एकपेशीय म्हणजे अर्धवट असं समजू नका; ॲसिटाबुलारिया हे समुद्रातलं शेवाळ एकाच पेशीचं असून काही सेंटिमीटर उंच वाढतं. स्पंजात पेशींची कामं वाटलेली आहेत, पण खऱ्या ऊती नाहीत. १९०७ मध्ये हेन्री विल्सन यांनी जिवंत स्पंज कापडातून पिळून पेशी सुट्या केल्या, तर त्या पुन्हा एकत्र येऊन नवे स्पंज झाले. कोंबडीच्या पंखाचं असं होणार नाही. हायड्रा हा गोड्या पाण्यातला चिमुकला प्राणी ऊतींपर्यंत पोचतो, चपट्या कृमींत अवयव दिसू लागतात. जसजशा पायऱ्या चढाव्यात तसं कौशल्य वाढतं आणि एकट्या पेशीचं स्वातंत्र्य कमी होतं: तुमच्या तांबड्या रक्तपेशीने ऑक्सिजन वाहण्यासाठी केंद्रकसुद्धा सोडलं आहे आणि ती सुमारे १२० दिवसांतच संपते.

आवराआवर

गालाच्या स्लाइड आणि काड्या ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास बुडवून मग टाका. पंख आणि हृदय प्रयोगानंतर स्वयंपाकात जाऊ देऊ नका; कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात टाका. ट्रे साबणाने धुवा. वापरलेली ब्लेडं औषधाच्या रिकाम्या बाटलीत साठवा.

भिंग सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, त्याने बारीक चरे पडतात. लेन्सचा कागद किंवा धुतलेलं मऊ सुती कापड घ्या. मिठाचं पाणी भिंगाला लागलं असेल तर आधी ओल्या कागदाने, मग कोरड्याने. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, भिंगाच्या आत बुरशी धरते आणि चित्र कायमचं धुरकट होतं. सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीत कोंडून ठेवण्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. रंग बदलणारं जेल असेल तर रंग पालटला की तव्यावर मंद आचेवर गरम करून कोरडं करा आणि पुन्हा वापरा.